झोपेतल्या श्वासाच्या तपासणीत बाईला शून्य गुण

नवरा घोरतो हे साऱ्या चाळीला ठाऊक असते. बायको घोरते हे मात्र ती डॉक्टरांनासुद्धा लाजून सांगत नाही. ती सांगते, "झोप लागत नाही, सकाळी डोके दुखते, अंगात त्राण नाही." मग तिला रक्तवाढीच्या किंवा झोपेच्या गोळ्या मिळतात. काहींच्या बाबतीत खरा आजार वेगळाच असतो. झोपेत घसा मिटतो, श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो आणि गुदमरून झोप मोडते. असे रात्रभर चालते. हाच स्लीप ॲप्निया. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावरही ताण येतो.

संशयित रुग्ण निवडण्यासाठी डॉक्टर आठ प्रश्नांचा 'स्टॉप-बँग' नावाचा तक्ता वापरतात. तो २००८ साली कॅनडातून आला. त्यात पुरुष असण्याला एक गुण आहे. बीएमआय, म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ३५ च्या वर गेला की आणखी एक गुण. तीन गुण झाले की पुढची तपासणी. आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून मांडून पाहिले. पाच फूट उंचीच्या बाईला हा गुण मिळवायला ८१ किलोंच्या वर जावे लागते! आपल्याकडे लठ्ठपणा २५ पासून धरतात, म्हणजे तिच्यासाठी ५८ किलो. साठ किलोंच्या बाईला दोन्ही रकान्यांत भोपळा.

पुरुषाला दिलेला गुण निराधार नाही. त्याची चरबी मानेवर आणि पोटावर साठते, बाईची कंबरेखाली. पण पाळी गेल्यावर हे संरक्षण ओसरते. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या १९९३ च्या पाहणीत श्वास अडण्याचे प्रमाण पुरुषांत २४ टक्के, स्त्रियांत ९ टक्के होते. मात्र १९९७ साली दिसले की मध्यम व तीव्र आजाराच्या ९३ टक्के स्त्रियांचे निदानच झालेले नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ८२ टक्के. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७.५ टक्के लोकांना हा आजार आढळला. अभ्यास मोलाचा, पण तोही फक्त पुरुषांचा.

निदानातही सरासरीची गंमत आहे. स्त्रियांचा श्वास बहुधा स्वप्नांच्या झोपेत जास्त अडतो. समजा, त्या एका तासात ३० वेळा अडला आणि उरलेल्या पाच तासांत मिळून १० वेळा. सरासरी सात भरत नाही, आणि अहवाल म्हणतो, सौम्य! म्हणून स्वप्नांच्या झोपेचा आकडा वेगळा मागावा.

उपचारात वजनाला महत्त्व आहेच. दहा टक्के वजन उतरले तर श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्के घटते, असे २००० सालच्या पाहणीत दिसले. परंतु आजार तीव्र असेल तर "आधी बारीक व्हा, मग या" हे उत्तर चालणार नाही. नाकावाटे दाबाने हवा सोडणारे सीपॅप यंत्र १९८१ पासून माहीत आहे. वजन उतरेपर्यंत ते लावता येते. जाड माणसाला सहसा जास्त दाब लागतो, स्त्रियांना तेवढ्याच आजाराला बहुधा कमी. पुरुषाच्या मापाचा मास्क लहान चेहऱ्यावर बसत नाही, हवा डोळ्यांत जाते आणि आठवड्यात यंत्र माळ्यावर पडते. भगिनींनी दुकानदाराकडे लहान माप मागावे, आणि पैसे देण्यापूर्वी मास्क आडवे पडून लावून पाहावा.