पडणाऱ्याची छत्री आणि उडणाऱ्याची छत्री

मध्यंतरी वाशीला एका शाळेत जाण्याचा योग आला. वाशी म्हणजे नवी मुंबईतली नव्हे. धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटच्या रांगांमधली तालुक्याची वाशी. विषय होता हवेचा रोध. मुलांना गोडी लागावी म्हणून मी पुण्याच्या शीतल महाजन यांची हकिकत सांगितली. त्यांनी 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर पॅराशूटने पहिली उडी घेतली, तीही सरावाची एकही उडी न मारता. पुढे 12 फेब्रुवारी 2018 रोजी त्यांनी थायलंडमध्ये पट्टायाजवळ चक्क नऊवारी साडी नेसून सुमारे 13,000 फुटांवरून विमानातून उडी घेतली. मुलींना ही गोष्ट फारच आवडली.

तास संपता संपता नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मोबाइलवर मी पंखांचा पोशाख घातलेला माणूस बघितला. तो खाली पडतच नाही, पुढं उडत जातो. मग त्याची छत्री उघडते कशी?" घंटा वाजायला आली होती. मी म्हणालो, "जशी इतरांची उघडते तशीच." घरी येऊन कागदावर आकृती काढली तेव्हा लक्षात आले की माझे उत्तर चुकले होते. इतरांची उघडते तशी ती उघडत नाही. तशीच उघडेल असे धरून चालणे तर धोक्याचे आहे. त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर इथे देत आहे.

वातीवर वात

आधी साध्या उडीतली छत्री कशी उघडते ते पाहू. वाशी तालुक्यातले तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे तिथल्या मुलांना हे लगेच समजते. फटाक्यांच्या माळेत आपण एकच टोक पेटवतो, पुढचे काम वात करते. पॅराशूटचेही तसेच आहे. पाठीवरच्या बॅगेला कंटेनर म्हणतात. उडी घेणारा कंटेनरच्या तळाशी खोचलेली एक लहान छत्री हाताने ओढून वाऱ्यात फेकतो. हिला पायलट शूट म्हणतात. ती वाऱ्याने फुगते आणि तिला जोडलेली पट्टी ताणली जाते. पट्टी कंटेनर बंद ठेवणारी पिन उपसते आणि आत घडी घालून ठेवलेली पिशवी बाहेर खेचते. पिशवीबरोबर दोऱ्या सुटत जातात. त्या पूर्ण ताणल्या की पिशवीतून मुख्य छत्री निसटते आणि तिच्या कप्प्यांत हवा भरू लागते. दोऱ्यांवर सरकणारा कापडाचा एक चौकोन छत्रीला एकदम फुगू देत नाही. तो सावकाश खाली उतरतो, म्हणून झटका कमी बसतो.

मुख्य छत्री बिघडली तर ती सोडून देऊन दुसरी, राखीव छत्री उघडता येते. ती त्याच कंटेनरमध्ये असते.

या सगळ्या साखळीला बळ देते ती हवा. माळेतली एक वात दमट निघाली की पुढचे फटाके मुके राहतात, तसेच पायलट शूट नीट फुगली नाही तर पुढचे काहीच घडत नाही.

दिशा बदलली की

साध्या उडीत माणूस पोटावर आडवा होऊन जवळजवळ सरळ खाली येतो. थोड्याच वेळात हवेचा रोध आणि वजन यांचा समतोल होतो आणि वेग सेकंदाला सुमारे 55 मीटर, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या आसपास स्थिर राहतो. वारा त्याला खालून लागतो. म्हणून फेकलेली पायलट शूट वर जाते, पाठीवरची पिशवीही सरळ वर निघते.

विंगसूटमध्ये हातापायांमधल्या कापडात हवा भरून पंख तयार होतात. समजा एखादा उडणारा सेकंदाला 35 मीटर पुढे आणि 20 मीटर खाली जात आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने त्याचा हवेतला एकूण वेग काढा. उत्तर येते सेकंदाला सुमारे 40 मीटर. वारा त्याला सरळ खालून न लागता क्षितिजाशी सुमारे 30 अंशांचा कोन करून समोरून लागतो.

फायदा उघड आहे. 4,000 मीटरवरून 1,500 मीटरवर यायला साध्या उडीत सुमारे 45 सेकंद लागतील, इथे दोन मिनिटे मिळतील. पण दोन गोष्टी बदलल्या आहेत. पहिली, पायलट शूट आणि तिच्यामागची पिशवी आता वर न जाता मागे, पायांच्या दिशेने जातात. दुसरी, पायलट शूटची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग 55 वरून 40 वर आला की ओढ साधारण निम्मी होते.

वाऱ्याची सावली

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. कच्च्या रस्त्यावरून एस. टी. गेली की मागे धूळ आणि कागदाचे कपटे बसच्याच दिशेने ओढले जातात, गोल गोल फिरतात. बस पुढची हवा दूर सारते, पण मागची पोकळी लगेच नीट भरून येत नाही. तिथे हवा मंद आणि विस्कळीत असते. या भागाला आपण वाऱ्याची सावली म्हणू.

साध्या उडीतही माणसाच्या पाठीवर अशी सावली असते, पण ती लहान असते. विंगसूटचे पंख पसरलेले असताना ती मोठी होते, आणि पायलट शूटला नेमके तिच्यातूनच बाहेर पडायचे असते. सावलीत हवेचा वेग निम्मा असेल तर ओढ एक-चतुर्थांश होईल. मग पायलट शूट पाठीमागे नुसतीच घुटमळत राहते, पिन उपसायला तिचे बळ पुरत नाही.

वर्गात करून पाहा

साहित्य: जाळी असलेला टेबलपंखा, पुठ्ठ्याची वही, दोरा आणि पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून कापलेला तळहाताएवढा चौकोन.

चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना दोरे बांधून लहान छत्री करा. वही पंख्यासमोर साधारण एक मीटरवर आडवी-उभी नीट धरा, म्हणजे वारा वहीच्या पुठ्ठ्यावर सरळ आपटेल. छत्रीचा दोरा वहीच्या मागच्या बाजूला मध्यभागी चिकटवा. दोऱ्याची लांबी आधी 10 सेंटिमीटर ठेवा, मग 30 आणि मग 60. आखूड दोऱ्याची छत्री लोंबकळते किंवा उलट वहीकडेच येते. लांब दोऱ्याची छत्री फुगून ताठ राहते. आता वही हळूहळू तिरपी करा. सावली लहान होताच आखूड दोऱ्याची छत्रीही हलू लागेल. मुलांकडून लांबीचा आणि वहीच्या रुंदीचा तक्ता करून घ्यावा.

निवड कशाची करायची?

या प्रयोगात विंगसूटच्या साधनांची निम्मी निवड समजून जाते.

पहिली गोष्ट पट्टी. साध्या उडीत ती साधारण दोन मीटर असते. विंगसूटसाठी अडीच ते तीन मीटर घेतात, म्हणजे पायलट शूट सावलीपलीकडच्या स्वच्छ वाऱ्यात पोचते.

दुसरी गोष्ट पायलट शूटचा आकार. व्यास 70 सेंटिमीटरवरून 80 केला की क्षेत्रफळ, आणि म्हणून ओढही, सुमारे 30 टक्क्यांनी वाढते. मग ती आणखी मोठी का करू नये? कारण तोच माणूस एखादे वेळी पंख मिटून वेगाने पडत असताना ती उघडावी लागेल. तेव्हा जादा ओढीने दोऱ्या विस्कटून सुटतात आणि छत्री जोराच्या झटक्याने उघडते.

तिसरी गोष्ट कंटेनरचे कोपरे. पिशवी मागच्या बाजूला निघत असताना कंटेनरचा तळाचा कोपरा तिला एका बाजूने अडवू शकतो. बैलगाडीचा एक बैल अडला की गाडी वळते, तशी पिशवी गिरकी घेते आणि दोऱ्यांना पीळ पडतो. म्हणून तळाचे कोपरे मोकळे होणारे कंटेनर विंगसूटसाठी बनवतात.

चौथी गोष्ट मुख्य छत्री. लहान आणि चपळ छत्री थोडाही पीळ पडला की गिरक्या घेऊ लागते. विंगसूटमध्ये हात पंखांत अडकलेले असताना ही वेळ येणे वाईट. म्हणून सात कप्प्यांची, वजनाच्या मानाने मोठी आणि शांत स्वभावाची छत्री निवडतात. तिच्यावर जमिनीजवळ कसरती करता येत नाहीत, हे खरे. पण तिच्याकडून तेवढीच अपेक्षा असते की ती दर वेळी सरळ उघडावी.

हातांचा क्रम

साधने नीट असली तरी शरीराचे काम उरतेच. छत्री उघडताना उडणाऱ्याने सरळ, स्थिर उडत असावे. दोन्ही हात एकाच वेळी मागे न्यायचे, पायलट शूट जोराने बाजूला फेकायची आणि दोन्ही बाजूंचे पंख सारखेच मिटायचे. पंख मिटले की सावली लहान होते. एकच हात नेला तर एक पंख मिटतो, दुसरा उडत राहतो आणि शरीर वळते. त्या वळणाचा पीळ दोऱ्यांना बसतो.

छत्री उघडल्यावरही हात लगेच डोक्यावरच्या सुकाणूच्या दोऱ्यांपर्यंत जात नाहीत. आधी छत्री ठीक उघडली आहे का ते पाहायचे आणि मग बाह्यांच्या चेन उघडायच्या. बिघाड असेल तर मुख्य छत्री सोडण्याची आणि राखीव छत्री उघडण्याची मूठ, या दोन्ही चेन न उघडताही हाताला लागल्या पाहिजेत. या साऱ्याला वेळ लागतो. म्हणून नवशिक्यांना 1,500 मीटरच्या आसपासच छत्री उघडायला सांगतात.

विमानात चढण्याआधीची तपासणीही वाढते. पायलट शूटची मूठ पोशाखाच्या कापडाखाली दबली नाही ना? मांड्यांचे पट्टे आवळले आहेत ना? हा प्रश्न पोरकट वाटेल, पण विंगसूटच्या कापडाखाली पट्टे झाकले जातात आणि सैल राहिलेले दिसत नाहीत. शीतल महाजन यांच्या साडीपुढेही अडचण याच जातीची होती. सव्वाआठ मीटर कापड, त्यावर पॅराशूट, हेल्मेट, चष्मा आणि बूट. सुटलेला पदर मुठीवर आला असता तर? कापड वाढले की त्याचा प्रत्येक पदर कुठे जाईल याचा विचार आधी करावा लागतो.

गप्प बसणारे यंत्र

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. उडी घेणारा बेशुद्ध झाला किंवा उंचीचे भान विसरला तर राखीव छत्री आपोआप उघडणारे एक यंत्र कंटेनरमध्ये असते. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांचे 'सिप्रेस' हे असे यंत्र 1991 मध्ये बाजारात आले आणि त्याने असंख्य जीव वाचवले. ते हवेच्या दाबावरून उंची आणि खाली येण्याचा वेग मोजते. त्याच्या नेहमीच्या प्रकारात जमीन सुमारे 225 मीटरवर आली असताना वेग सेकंदाला 35 मीटरपेक्षा जास्त असेल तर ते राखीव छत्री मोकळी करते. वेग कमी असेल तर ते समजते, छत्री उघडलेली आहे, सर्व ठीक आहे.

आता आपल्या उदाहरणाकडे वळा. विंगसूटमधला माणूस सेकंदाला 20 मीटरने खाली येत आहे. छत्री उघडलेली नाही, जमीन जवळ येते आहे आणि यंत्र मात्र गप्प आहे! ते बिघडलेले नाही. त्याला जे शिकवले तेच ते करते आहे. 'वेगाने खाली येणारा संकटात, सावकाश येणारा सुखरूप' हे त्याचे गृहीतक पडणाऱ्यासाठी खरे होते, उडणाऱ्यासाठी नाही.

मग वेगाची मर्यादा सरसकट उतरवावी का? तेही चालत नाही. छोट्या छत्रीखाली जोरात वळणारा माणूसही क्षणभर बराच वेगाने खाली येतो. त्याची राखीव छत्री मध्येच उघडली तर दोन छत्र्या एकमेकींत अडकण्याचा धोका. म्हणून विंगसूटसाठी वेगळी मर्यादा ठेवलेली वेगळी यंत्रे पुढे निघाली. यंत्र घेताना ते कोणत्या उडीसाठी आहे हे विचारावे लागते, आणि कोणतेही यंत्र असले तरी उंचीवर नजर ठेवण्याचे काम आपलेच राहते.

एका टाक्याची किंमत

आजच्या विंगसूटचे श्रेय मोठ्या प्रमाणात फ्रान्सच्या पात्रिक द गायार्दों यांना जाते. 1990च्या दशकात त्यांनी ते घडवले आणि स्वतः वापरले. 13 एप्रिल 1998 रोजी हवाईमध्ये त्यांचा मृत्यू झाला, तो पंख फाटून नव्हे. आपल्या कंटेनरमध्ये त्यांनी एक बदल केला होता. त्या कामातल्या चुकीमुळे छत्री नीट उघडू शकली नाही. हजारो उड्यांचा अनुभव असलेला हा माणूस. पंख नवा होता, पण घात केला तो जुन्या, ओळखीच्या साधनातल्या छोट्या बदलाने. पुढच्याच वर्षी फिनलंडचे यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचे रॉबर्ट पेच्निक यांनी सर्वांना विकत घेता येतील असे विंगसूट काढले आणि त्यांच्या वापराचे शिक्षणही सुरू केले. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेचा नियम असा की 200 साध्या उड्या झाल्याशिवाय विंगसूट घालायचा नाही. हा लेख वाचून साहजिकच कोणी ते धाडस करणार नाही. ते प्रशिक्षकाच्या हाताखालीच शिकण्याचे काम आहे.

वर्गासाठी मात्र यात एक धडा आहे. गणित सोडवताना आपण 'घर्षण नाही असे समजा', 'दोरी वजनरहित आहे असे समजा' असे लिहितो आणि पुढे जातो. मुलांना वाटते, ही नुसती प्रस्तावना. प्रत्येक साधनातही असे एक 'समजा' शिवलेले असते. पॅराशूटच्या साध्या साधनांत ते आहे: 'माणूस सरळ खाली पडतो असे समजा.' वापर बदलला की ते वाक्य आधी शोधून काढायचे आणि अजून खरे आहे का ते तपासायचे.

वाशीच्या त्या मुलीने तेच केले होते. "तो खाली पडतच नाही, मग?" घाईत होतो तो मी. पुढच्या खेपेला टेबलपंखा आणि वही घेऊन जाणार आहे.