उकिडवं बसता येणारा पाय

दोस्तांनो, जरा जागेवरून उठा बघू! चपला काढा आणि अनवाणी दहा पावलं चाला. चालताना सगळं लक्ष घोट्याकडे ठेवा. आधी टाच टेकते, मग तळवा, आणि शेवटी बोटांवर जोर देऊन पाय उचलला जातो. आता उकिडवे बसा. टाचा जमिनीवरच टेकलेल्या हव्यात हं! पाऊल आणि नडगी यांच्यातला कोन किती लहान झाला, पाहिलंत? आता मांडी घाला. पावलं चक्क कडेवर कलंडली. अंगणात एखादा दगड असेल तर एक पाय त्यावर अर्धवट ठेवून उभे राहा. पाऊल आपोआप एका बाजूला कलतं आणि तुम्ही पडत नाही.

हे सगळं घोट्याजवळच्या इवल्याशा सांध्यांनी केलं, आणि तेही तुम्हाला न विचारता.

आता अशी कल्पना करा, की घोट्याच्या जागी एक लाकडी ठोकळा आहे. तो वाकत नाही, वळत नाही. चालता येईल? येईल, सपाट फरशीवर येईल. पण शेताच्या बांधावर? पंगतीत जेवायला बसताना? आणि आपल्याकडच्या संडासात?

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातले हाडांचे डॉक्टर प्रमोद करण सेठी यांना १९६०च्या दशकात नेमका हाच प्रश्न पडला होता. अपघातात किंवा आजारात पाय गमावलेल्या माणसांना तेव्हा परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बसवत. पाय चांगला होता, महागही होता. पण तो बसवून घरी गेलेली माणसं काही दिवसांनी पुन्हा कुबड्या घेऊनच यायची! पाय घरी कोपऱ्यात उभा.

का बरं? डॉक्टरांनी पेशंटनाच विचारलं, आणि उत्तरं अगदी साधी निघाली. त्या पायाचं पाऊल बुटाच्या आत लपवण्यासाठी बनवलेलं होतं. बूट घालून देवळात जायचं कसं? स्वयंपाकघरात वावरायचं कसं? भाताच्या खाचरात उतरलं की बूट भिजून जड होतो आणि कुजतो. शिवाय आत लाकूड, त्यामुळे घोटा ताठ. उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही. खुर्चीत बसणाऱ्या आणि दिवसभर बूट घालणाऱ्या माणसांच्या देशात तो पाय उत्तम चालला असता. राजस्थानातल्या शेतकऱ्याला मात्र तो असून नसल्यासारखा होता.

मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यंत्र बिघडलेलं नव्हतं, पेशंट आळशी नव्हता. फक्त ज्याला पाय हवा होता त्याचा दिवस कसा जातो, हे कुणी विचारलंच नव्हतं!

याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. ते काही डॉक्टर नव्हते की इंजिनियर नव्हते. शाळेतही फारसे शिकलेले नव्हते. मूर्ती घडवायच्या, नाना वस्तू बनवायच्या हा त्यांचा हातखंडा, आणि रुग्णांना हस्तकला शिकवायला ते तिथे येत. त्यांनी आणि डॉक्टर सेठींनी मिळून वेगळ्या पावलाचे प्रयोग सुरू केले. पण मऊ, तरी मजबूत, आणि पाण्याला न घाबरणारं पाऊल करायचं कशाचं?

सांगतात, की एके दिवशी मास्टरजींची सायकल पंक्चर झाली. दुकानात पोचले, तर तिथे कारागीर ट्रकच्या झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवत होता. मास्टरजी पाहतच राहिले. मग रुग्णालयात जाऊन पावलाचा साचा घेऊन आले आणि म्हणाले, असं पाऊल रबरात काढून देता येईल का?

तुमच्या गावातल्या पंक्चरच्या दुकानावरही ‘व्हल्कनायझिंग’ अशी पाटी असेल. म्हणजे काय, ठाऊक आहे? झाडाच्या चिकाचं कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक होतं. ते गंधकाबरोबर तापवलं, की रबराचे लांबच लांब रेणू एकमेकांना जागोजागी जोडले जातात, जणू सुटे दोरे गाठी मारून जाळं विणावं तसे. मग रबर ताणलं तरी पुन्हा पहिल्या आकाराला येतं. १८३९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना ही युक्ती सापडली. तीच ट्रकचं टायर टिकवते, आणि तीच या पावलाच्या कामी आली.

पहिलं रबरी पाऊल काही जमलं नाही. भरीव रबर फार जड! आणि ते लवकर फाटायचंही. मग युक्ती सुचली ती तीन तुकड्यांची. पुढच्या चवड्यात आणि टाचेत हलकं, बारीक छिद्रांचं स्पंजासारखं रबर, आणि घोट्याच्या जागी लाकडाचा छोटा ठोकळा. त्यावर टायरमध्ये असतात तसल्या दोऱ्यांच्या पट्ट्या, आणि वरून कातडीच्या रंगाचं रबर. हे सगळं साच्यात घालून भाजायचं. साच्यातून बाहेर येतं ते थेट पाऊलच, बोटांसकट! बूट घाला नाहीतर अनवाणी चाला. ते वर वाकतं, बाजूंना कलतं, थोडं पिळलंही जातं. त्यात स्प्रिंगही नाही. गंमत बघा, खरा घोटा जे सांध्यांनी करतो, ते या पावलात रबराच्या लवचीकपणाने होतं.

हे झालं १९६८ साली. शहराच्या नावावरून त्याला ‘जयपूर फूट’ म्हणायला लागले. डॉक्टर सेठींनी त्याचं पेटंट घेतलं नाही, म्हणजे कुणीही ते बनवावं, कुणाला पैसे द्यायची गरज नाही. पुढे १९७५ साली डी. आर. मेहता यांनी जयपूरला ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ स्थापन केली आणि मोफत पाय बसवायचं काम झपाट्याने वाढलं. मेहतांचा स्वतःचा पाय १९६९च्या एका अपघातातून थोडक्यात वाचला होता. भूसुरुंगांनी पाय गमावलेल्या अफगाणिस्तानातल्या लोकांपर्यंतही हे पाऊल पोचलं आहे.

पाऊल झालं, पण ते माणसाला जोडायचं कसं? इथे खरी कसोटी असते. उरलेल्या पायाभोवती आधी प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात. त्या वाळल्या की काढून आत प्लास्टर ओततात, म्हणजे पायाची हुबेहूब प्रतिकृती मिळते. मग पाण्याच्या पाइपासाठी वापरतात तसल्या प्लॅस्टिकचा पाइप भट्टीत तापवून मऊ करतात आणि त्या प्रतिकृतीवर ओढतात. थंड झाला की त्याच आकाराची नळी तयार. पाय घालायच्या या भागाला ‘सॉकेट’ म्हणतात. पूर्वी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून तो करत.

तुमच्या गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली बोट दाबा. तिथे एक जाड, घट्ट पट्टा लागतो ना? गुडघ्याखाली पाय कापला असेल, तर सॉकेटमधला बराचसा भार या पट्ट्यावर घेतात. कापलेल्या हाडाच्या टोकावर वजन पडलं तर पाऊलसुद्धा टाकवणार नाही. सॉकेट थोडं जरी सैल किंवा घट्ट झालं तर कातडी सोलते, फोड येतात. आणि मग पाय पुन्हा कोपऱ्यात!

पाय बसवला म्हणजे लगेच पळता येतं, असं मात्र समजू नका. सुधा चंद्रन हे नाव तुमच्या आईबाबांना नक्की माहीत असेल. मुंबईत वाढलेली ही मुलगी लहानपणापासून भरतनाट्यम् शिकत होती. १९८१ साली, पंधरा-सोळा वर्षांची असताना, तमिळनाडूत तिच्या बसला अपघात झाला. घोट्याजवळची जखम चिघळली आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याच वर्षी डॉक्टर सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. त्याची बातमी सुधाने वाचली आणि ती जयपूरला पोचली.

चालण्यासाठी पाय करणं वेगळं, आणि नाचण्यासाठी वेगळं. जमिनीवर तळवा आपटायचा, अर्धं बसून तोल सांभाळायचा, गिरकी घ्यायची! सराव करताना तिच्या पायातून रक्त यायचं. दोन-अडीच वर्षं हे चाललं. आणि २८ जानेवारी १९८४ रोजी मुंबईत ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. तिच्या आयुष्यावर १९८५ साली ‘मयूरी’ हा तेलुगू चित्रपट निघाला, त्यात तिची भूमिका तिनेच केली.

सगळ्यांना काही रंगमंचावर जायचं नसतं. पण सरावाचा हा टप्पा कुणालाच चुकत नाही. उरलेल्या पायाला घट्ट पट्टी बांधून त्याची सूज उतरवायची, मांडीचे स्नायू बळकट करायचे, दोन समांतर दांड्यांच्या मधोमध उभं राहून तोल शिकायचा. सुरुवातीला सगळे जण सगळं वजन चांगल्या पायावर टाकतात. फिजिओथेरपिस्ट मागून ओरडत असतात, ‘नव्या पायावर या, नव्या पायावर!’ मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, आणि पुण्यात सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र तर १९४४ सालापासून हेच काम करतं आहे.

पाय गुडघ्याच्या वर कापला असेल, तर मात्र पंचाईत वाढते. आता गुडघाही बनवायला हवा! साधा उपाय म्हणजे दाराच्या बिजागरीसारखा सांधा. पण बिजागरीचा दोष असा, की वजन जरा मागे गेलं की ती मिटते, आणि माणूस धाडकन खाली! म्हणून चार दांड्या जोडून केलेला सांधा निघाला. तो उभं असताना सहजी मिटत नाही, आणि पाय पुढे टाकताना पाऊल जमिनीला घासू देत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या समितीबरोबर असा गुडघा प्लॅस्टिकचा बनवला, सुमारे वीस डॉलरमध्ये! ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९च्या उत्तम शोधांमध्ये त्याची निवड केली. २०२२ साली आयआयटी मद्रासने ‘कदम’ नावाचा गुडघा आणला. तो खूप मागेपर्यंत दुमडतो, म्हणजे बसच्या किंवा रिक्षाच्या अरुंद जागेत बसायला सोयीचा. इथेही कुणीतरी ‘तुमचा दिवस कसा जातो?’ असं विचारलेलं दिसतं.

दुसऱ्या टोकाला आहेत संगणकाचे गुडघे. जर्मनीच्या एका कंपनीने १९९७ साली असा पहिला गाजलेला गुडघा आणला. पायाचा कोन किती, भार किती, हे तो सेकंदाला पन्नास वेळा मोजतो आणि आतल्या तेलाची वाट कमी-जास्त उघडून गुडघा सैल किंवा घट्ट करतो. माणूस अडखळला की आधार देतो. जिना उतरताना तर फारच उपयोगी. रात्री मात्र तो मोबाइलसारखा चार्जिंगला लावावा लागतो, आणि किंमत लाखांत!

आता एक चमत्कारिक गोष्ट. पाय कापल्यावरही अनेकांना तो जागेवरच आहे असं वाटत राहतं. इतकंच नाही, तर नसलेल्या बोटांना कळा येतात, खाज सुटते! भास नव्हे हा, वेदना खरी असते. कारण मेंदूतला पायाचा नकाशा अजून तसाच असतो. मूळचे तमिळनाडूचे, अमेरिकेत काम करणारे मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात यावर एक उपाय केला, आणि त्यासाठी लागला फक्त एक आरसा.

करूनच पाहा ना! टेबलावर दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा धरायला कुणालातरी सांगा. डावा हात आरशामागे लपवा आणि आरशात उजव्या हाताकडे बघत मूठ उघडा-मिटा. थोड्या वेळाने असं वाटेल, की आरशातला तो हात डावाच आहे. ज्याचा हात किंवा पाय नाही, त्याला आरशात तो पुन्हा हलताना दिसतो, आणि काहींच्या बाबतीत आवळल्यासारखी वाटणारी कळ सैल पडते. सगळ्यांना गुण येतो असं नाही. पण अर्धांगवायूच्या पेशंटचे हात हलते करायलाही हीच युक्ती आता वापरतात.

तुमच्याएवढ्या मुलांची अडचण मोठ्यांपेक्षा निराळी असते. मोठ्या माणसाचा पाय झिजला की बदलायचा. मुलांचा पाय झिजायच्या आधीच तोकडा पडतो! दुसरा पाय वाढत असतो ना. शाळेचा गणवेश आखूड होतो तसं सॉकेट आवळायला लागतं, आणि दर वर्षा-दोन वर्षांनी नवीन माप, नवीन प्लास्टर, नवीन नळी. आता हिशेब तुम्हीच करा: आठव्या वर्षी पाय गमावलेल्या मुलीला अठरा वर्षांची होईपर्यंत किती पाय लागतील? आणि प्रत्येक पाय लाखाचा असेल तर?