पोटठेक्याचा कागद

नीरा नरसिंहपूर म्हणजे पुणे जिल्ह्याचे अगदी शेवटचे टोक. नीरा आणि भीमा येथे एकमेकींना मिळतात आणि दोन्ही नद्यांच्या पलीकडे सोलापूर जिल्हा सुरू होतो. लोक येथे नरसिंहाच्या दर्शनाला येतात. आम्ही जातो ते वस्तीतल्या विहारात. २०२५ च्या बुद्धपौर्णिमेला असेच गेलो होतो. वंदना झाली, भाषणे झाली, खीरदान झाले. खुर्च्या गोळा होत असताना एक तरुण जवळ आला, जयभीम घातला आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून म्हणाला, "साहेब, एवढे वाचून द्या. उद्या सही करायची आहे."

पाचशे रुपयांच्या मुद्रांकावरचा तो करारनामा होता. पोराने सात-आठ वर्षे सेंट्रिंगचे आणि काँक्रीटचे काम केले आहे. हाताखाली आठ-दहा माणसे आहेत, तीही बहुतेक वस्तीतलीच. एका बागायतदाराच्या नव्या विहिरीला सिमेंटची रिंग बांधायची होती. मूळ काम एका मोठ्या ठेकेदाराकडे. त्याने ते परसाच्या दराने या पोराला द्यायचे ठरवले होते. पन्नास हजार उचल हातात पडलीही होती. सगळा खर्च जाऊन चाळीस हजार तरी राहतील, असा पोराचा हिशोब. तो आम्हाला हिशोबाची वही दाखवत होता आणि आम्ही कागदाच्या सातव्या कलमावर अडकलो होतो. "कामावर कोणताही अपघात अथवा जीवितहानी झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी लिहून देणार यांची राहील, लिहून घेणार यांचा काहीएक संबंध राहणार नाही." लिहून देणार म्हणजे हा पोरगा, वय वर्षे सव्वीस.

वाचकहो, आपल्या भागात असल्या कामाला पोटठेका म्हणतात. शब्द फार नेमका आहे. ठेका एकाचा, आणि पोटासाठी तो घेतो दुसराच!

इंदापूर तालुक्यात जमिनीच्या पोटातल्या कामाने किती जीव घेतले, हे आठवून पाहावे. २० नोव्हेंबर २०१७ ची संध्याकाळ. नीरा-भीमा नदीजोड बोगद्याच्या कामावर, अकोले गावाच्या हद्दीत, मजूर पाळी संपवून क्रेनने वर येत होते. क्रेनचा दोर तुटला आणि आठ मजूर मरण पावले. कोणी परप्रांतातून आलेले, कोणी आपल्याच महाराष्ट्रातले. ते काम तर सरकारी योजनेचे होते, यंत्रसामग्री होती, इंजिनिअर होते. पुढे १ ऑगस्ट २०२३. म्हसोबाचीवाडी येथे विहिरीच्या रिंगचे काम चालू असताना माती आणि रिंग ढासळली आणि बेलवाडीचे चार मजूर खाली गाडले गेले. रात्री माणसे घरी आली नाहीत म्हणून शोध सुरू झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, पोकलेन आले, आणि जवळपास तीन दिवसांनी प्रेते हाती लागली. हे काम सरकारी नव्हते. एका शेतातली विहीर होती, या पोराला मिळत होती तशीच.

विहिरीचे काम बाहेरून सोपे दिसते. पोकलेनने खड्डा काढला, लोखंड बांधले, प्लेटा लावल्या, माल ओतला. पण नदीकाठची गाळाची काळी जमीन सुकली की भेगाळते आणि पाणी लागले की फुगते, सरकते. तिच्याखाली मुरूम. काठ उभा सरळ कापलेला. काढलेली माती लांब नेऊन टाकायला डिझेल लागते, म्हणून ती काठावरच ढीग करून ठेवलेली. त्याच काठावर मिक्सर हादरतो आहे. आणि तळाशी दहा माणसे सळया बांधत आहेत. वर लक्ष ठेवायला माणूस ठेवला तर त्याची हजेरी द्यावी लागते, म्हणून तोही नाही. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यावा, असे भारतीय मानके सांगतात. साठ-सत्तर फुटांच्या विहिरीला आधार द्यायचा तर टप्पे पाडत, घेर वाढवत खणावे लागते. जमीन जास्त जाते, पैसा जास्त जातो. मग दर कमी कुठून होणार? तो मजुराच्या सुरक्षिततेतून कमी होतो. मोठ्या ठेकेदाराने आपला नफा आधी काढून घेतलेला असतो. पोटठेकेदाराच्या हाती जो दर येतो त्यात टप्पे पाडण्याचे पैसे मुळात धरलेलेच नसतात.

आता कायद्याचे ऐका, कारण गैरसमज तिथेच आहे. आपल्या पोरांना वाटते की आपण काल मजूर होतो, आज ठेकेदार झालो, म्हणजे एक पायरी चढलो. बरोबर आहे. पण कायद्याच्या लेखी ज्या दिवशी तुम्ही दहा माणसांची हजेरी लिहायला घेतली त्या दिवसापासून तुम्ही मालक आहात. मालकाचा बंगला तुमच्याकडे नाही, जबाबदारी मात्र आली. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचा तक्ता पाहा. पंचवीस वर्षांचा मजूर कामावर मेला, तर मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला २१६.९१ ने गुणायचे. वेतनाची कमाल मर्यादा २०२० पासून पंधरा हजार धरलेली. गुणाकार करा, १६ लाख २६ हजार ८२५ रुपये होतात. एका माणसाचे! आणि नफा चाळीस हजार.

मूळ ठेकेदार सुटतो का? सुटत नाही. त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, आपल्या धंद्यातले काम दुसऱ्याकडून करून घेणाऱ्याकडे मजुराचे वारस थेट भरपाई मागू शकतात. परंतु त्याच कलमात पुढे अशीही सोय आहे की, भरलेली रक्कम तो पोटठेकेदाराकडून वसूल करू शकतो. सातवे कलम लिहून घेतलेले असते ते यासाठी. मजुराकडून "भरपाई मागणार नाही" असे लिहून घेतले तर तो कागद कलम १७ प्रमाणे रद्दबातल. पण दोन ठेकेदारांमधला कागद तसा रद्द होत नाही. तो कोर्टात चालतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. जबाबदारीची ही उतरंड मात्र संहितेतही कायम आहे. शिवाय फौजदारी वेगळी. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल जुन्या ३०४-अ ला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत आहे. पंचनामा होतो तेव्हा पोलीस विचारतात, माणसे कोणाची? बोट पोटठेकेदाराकडेच दाखवले जाते.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी असेच एक प्रकरण आले होते. मृताची विधवा एका बाजूला, पोटठेकेदार दुसऱ्या बाजूला. दोघेही एकाच वस्तीतले, एकाच विहारात बसणारे. मोठा ठेकेदार कोर्टात एकदाही आला नाही, त्याचा वकील यायचा. आम्ही त्या बाईचे वकीलपत्र घेतले होते. तडजोडीत जे मिळाले ते त्या पोटठेकेदाराने घर विकून दिले. कागदोपत्री आम्ही जिंकलो. त्या वस्तीत नंतर जयंतीला आम्हाला बोलावणे आले नाही, आणि आम्हीही गेलो नाही.

मग या पोराला आम्ही सरळ "नको घेऊ" म्हणायचे का? येथेच आमची खरी अडचण होती. ज्या विहिरींवर आपल्या आजोबा-पणजोबांना पोहरा टाकू दिला नाही, त्या खणायला मात्र आपले हात चालले. वतनाच्या काळात गावाने सांगितलेले काम नाकारण्याची सोय नव्हती; म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाचे बिल मांडले. त्यानंतर इतक्या वर्षांनी आपला एक पोरगा हजेरीची वही स्वतः लिहितो आहे. जानेवारी २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्याने हीच मागणी केली होती की, नोकरीबरोबर ठेके आणि पुरवठा यांतही दलितांना वाटा हवा. शेजारच्या कर्नाटकाने सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांसाठी कायद्याने हिस्सा राखला. आपल्याकडे अनेकांना ठेका दिसतो तो असा पोटातून, दुसऱ्याच्या लायसनवर. व्यासपीठावरून उद्योजक व्हा म्हणून सांगायचे आणि पोरगा कागद घेऊन आला की त्याला घाबरवून परत मजुरीला पाठवायचे, हा कुठला न्याय?

आणि धोका आहे म्हणून काम सोडायचे तर धोक्याची कामे करणार कोण? बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. खाणी बंद करा, असे त्यांनी सांगितले नाही. खाली काम कसे चालते ते डोळ्यांनी पाहिले आणि १९४४ मध्ये खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांना नव्या विहिरीसाठी अनुदान मिळते. २०१७ मध्ये ते अडीच लाख ठरले होते. म्हणजे विहीर बांधणारा आपला आणि आता विहिरीचा मालकही आपला, असे प्रसंग येणार आहेत. आपला मालकही दर पाडूनच मागतो, हे येथे सांगून ठेवतो. राग आला तरी चालेल.

त्या रविवारी आम्ही पुन्हा नरसिंहपूरला गेलो. विहारात बसलो. पोराची आई होती, हाताखालचे दोघे-तिघे होते. आम्ही म्हणालो, सातवे कलम काढायला सांग. ते काढत नसतील तर मजुरांचा विमा मूळ ठेकेदाराने उतरवावा. काठावरची माती दहा-बारा हात मागे न्यावी, टप्पे पाडून द्यावेत आणि पाऊस लागला की काम थांबवण्याचा अधिकार तुझा असावा. आणि तुझ्या माणसांपैकी कितीजणांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे? एकाचीही नव्हती. वर्षात नव्वद दिवस काम केल्याच्या दाखल्यावर ती होते आणि कामावर अपघाती मृत्यू आला तर वारसाला पाच लाख मिळतात, हे आठ वर्षे काँक्रीट ओतणाऱ्या माणसांना कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. त्याच विहारात आम्ही किती वेळा भाषणे दिली असतील!

आई एवढेच म्हणाली, "साहेब, उचल खर्च झाली तर परत कशी देणार?" पन्नासातले अकरा हजार प्लेटांच्या भाड्यात गेलेच होते.

ठेकेदाराने माती मागे न्यायला होकार दिला. टप्प्यांना नाही म्हणाला, विम्याला हसला. सातव्या कलमावर त्याचे उत्तर होते, "हा कागद सगळेच देतात, तुलाच काय झाले?" चार दिवस पोराने विचार केला आणि उचल परत केली. अकरा हजार उसने घेऊन केली. काम मराठवाड्यातून आलेल्या एका टोळीला गेले. त्यांनी सही करताना काही विचारले की नाही, कोण जाणे.

मे अखेरीस बारामती-इंदापूर भागाला पावसाने झोडपून काढले, नीरा डावा कालवा फुटला. त्या विहिरीची एक बाजू रात्रीतून आत बसली. आत कोणी नव्हते. दिवाळीनंतर त्याच टोळीने काम पुरे केले आणि एकालाही खरचटले नाही. टोळी पैसे घेऊन गावी गेली. तेव्हापासून वस्तीत दोन मते आहेत. काहीजण म्हणतात, वकीलसाहेबांनी पोराचे चाळीस हजार घालवले आणि वर अकरा हजारांचे कर्ज केले. या म्हणण्याला आमच्याकडे उत्तर नाही. विहिरीत माणसे गाडली गेली असती तर आमचे बरोबर ठरले असते, असे म्हणणे तर फारच वाईट. ती टोळीही कोणाच्या तरी वस्तीतलीच होती, आणि त्यांना कागद वाचून दाखवायला कोणी गेले नाही.

मधल्या काळात एक झाले. वस्तीतल्या चौदा जणांची मंडळात नोंदणी झाली. ग्रामसेवकाकडून नव्वद दिवसांचा दाखला मिळवताना पोराने तीन हेलपाटे घातले.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा आला. या वेळी काम बावड्याच्या बाजूचे आहे, ठेकेदार दुसरा आहे आणि विमा उतरवायला तयार आहे. सातव्या कलमावर पोराने आधीच पेनाने रेघ मारून आणली होती. अडले आहे ते विम्याच्या अर्जावर. खोदाई किती खोल, असा रकाना त्यात आहे. पोराने साठ फूट लिहिले. ठेकेदार म्हणतो चाळीस लिही, हप्ता कमी बसेल. चाळीस लिहिले आणि साठावर माणूस गेला तर कंपनी पैसे देणार नाही, हे आम्ही त्याला सांगितले आहे. हप्त्यातला फरक कोणी भरायचा, यावर रविवारी विहारात बसायचे ठरले आहे.