एकोत ‘गाठ’ दिसली म्हणजे गाठच असते का?



धामापुरातल्या आमच्या वाडीतील एक काकी मध्यंतरी रिपोर्ट पदरात गुंडाळून आमच्याकडे आल्या. दम लागतो म्हणून हृदयाचा टूडी एको काढला होता. उजव्या वरच्या कप्प्यात गाठ असू शकते, असे कागदावर लिहिलेले. ‘‘गो बाय, माका कॅन्सर झालो काय?’’ मुलगा त्यांच्या कुड्या गहाण टाकायला निघाला होता.

‘असू शकते’ म्हणजे ‘आहे’ नव्हे, एवढेच आम्ही त्यांना सांगू शकलो. मोठ्या रुग्णालयात हृदयतज्ज्ञांनी पुन्हा एको केला. ती गाठ नव्हती, युस्टेशियन झडप होती.

बाळ पोटात असते तेव्हा त्याची फुप्फुसे श्वास घेत नाहीत. वारेकडून आलेले शुद्ध रक्त ही झडप हृदयाच्या मधल्या पडद्यातील खिडकीतून डावीकडे वळवते. जन्मानंतर तिचे काम संपते. बहुतेकांत ती आकसते, काहींत मात्र लांबच राहते. पाणी वळवायला पाटात घातलेली फळी हंगाम संपल्यावरही तिथेच राहावी तशी. कधी तिची जाळी होते. तिला कियारी जाळी म्हणतात. हान्स कियारी यांनी १८९७ मध्ये तिचे वर्णन केले. शंभरात साधारण दोघांत ती सापडते आणि बहुधा काही त्रास देत नाही.

डाव्या कप्प्यातही एक नैसर्गिक घडी असते. तिला रक्ताची गुठळी समजून रक्त पातळ करणारी कुमाडिन गोळी दिली जाई, म्हणून तिचे नावच पडले ‘कुमाडिन रिज’! ऐकायला गंमत वाटते, पण विनाकारण घेतलेल्या या गोळीने रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणून प्रत्येक गाठ खोटी, असे मुळीच नाही. मिक्झोमा नावाची खरी गाठ असते, ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. संधिवाताच्या तापाने झडप आकसलेल्यांत खऱ्या गुठळ्या होतात. तेव्हा आपल्या मनाने गोळी बंद करू नका. डॉक्टरांना विचारा: ही कुठे चिकटली आहे? नैसर्गिक भाग असू शकतो का? शंका उरली तर अन्ननलिकेतून एको किंवा एमआरआय करतात. साध्या एकोत क्ष-किरण नसतात, पुन्हा करायला भिऊ नका. जुने रिपोर्ट, सीडी, रेशनकार्ड सोबत न्या आणि महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

काकींचा दम? हिमोग्लोबिन ७ निघाले. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत. कुड्या कानातच आहेत.