दहापटीसाठी किती ओहम?

ऑप-अँपचं सूत्र पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतं. इन्व्हर्टिंग अँप्लिफायरचा गेन म्हणजे फीडबॅकचा रेझिस्टर भागिले इनपुटचा रेझिस्टर. दहापट गेन हवा, तर १० किलोओहमला १ किलोओहमने भागा. पण १०० आणि १० ओहम घेतले तरी उत्तर दहाच, १०० आणि १० मेगाओहम घेतले तरीही दहाच. सूत्राला तिन्ही जोड्या सारख्या. सर्किटला मात्र नाहीत. परीक्षेत हे सहसा कुणी विचारत नाही, आणि ते विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गेन ठरवण्याची ही सत्ता रेझिस्टरांकडे आली ती निगेटिव्ह फीडबॅकमुळे. बेल लॅब्जच्या हॅरोल्ड ब्लॅक यांना ती कल्पना २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी, कामावर जाताना हडसन नदीवरच्या बोटीत सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी ती उतरवली. १९६८ साली आलेला, डिप्लोमाच्या प्रयोगशाळांत आजही सर्रास दिसणारा ७४१ हा ऑप-अँप घ्या. त्याचा स्वतःचा गेन साधारण २ लाख, पण एखाद्या चिपमध्ये तो २० हजारही निघू शकतो. तरी सर्किट दहापटच देतं, कारण निर्णय बाहेरच्या दोन रेझिस्टरांचा असतो. म्हणूनच ते निवडताना हयगय चालत नाही. पाच टक्के टॉलरन्सवाल्यांतला एक वर आणि दुसरा खाली सरकला, तर दहाचे नऊ किंवा अकरा होतात.

फार लहान किंमत घेतली की चिप दमते. आउटपुटला १० व्होल्ट आणि फीडबॅकला १०० ओहम, म्हणजे त्या एका रेझिस्टरलाच १०० मिलिअँपिअर लागणार. ७४१ जेमतेम २५ देतो. सिग्नलचे माथे कापले जातात.

फार मोठ्या किमतीचे त्रास जास्त, आणि ते चटकन दिसत नाहीत. ७४१ च्या इनपुटला स्वतःसाठीच सुमारे ८० नॅनोअँपिअर करंट लागतो. तो १०० मेगाओहममधून गेला, तर सिग्नल नसतानाही आउटपुटला ८ व्होल्ट! शिवाय प्रत्येक रेझिस्टर उष्णतेमुळे स्वतःच नॉईज निर्माण करतो. १९२८ मध्ये जॉन्सन यांनी हे मोजून दाखवलं, नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. ऐकू येणाऱ्या २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात १ किलोओहमचा नॉईज साधारण अर्धा मायक्रोव्होल्ट, १ मेगाओहमचा १८. त्यात वायरिंगमधली चुकार कपॅसिटन्स. फीडबॅकच्या १ मेगाओहमला समांतर नुसते ५ पिकोफॅरड आले, तरी ३२ किलोहर्ट्झच्या पुढे गेन घसरू लागतो.

म्हणून रोजच्या कामात १ ते १०० किलोओहमचा टापू बरा. नॉईज छळत असेल तर त्यातलं खालचं टोक, बॅटरी वाचवायची असेल तर वरचं.

मात्र बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये हा नियम मोडावाच लागतो. तिथला फोटोडायोड करंट देतो तो मायक्रोअँपिअरच्या घरातला किंवा त्याहूनही कमी. त्याचं व्होल्टेज करायला फीडबॅकला शेकडो किलोओहम, कधी मेगाओहम लागतात. नॉईज वाढणारच. पण रेझिस्टर चौपट केला की सिग्नल चौपट होतो आणि रेझिस्टरचा नॉईज फक्त दुप्पट. तिथे ७४१ चालत नाही. पिकोअँपिअरवर भागवणारा एफईटी इनपुटचा ऑप-अँप लागतो. फोटोडायोडच्या कपॅसिटन्समुळे सर्किट थरथरू नये म्हणून फीडबॅकच्या रेझिस्टरला समांतर एक छोटा कपॅसिटर मुद्दाम जोडतात.