प्रकाशीय जाळ्यांतील कॉल अवरोध

प्रकाशीय तंतूंच्या जाळ्यात दोन ठिकाणांमधील जोडणीची मागणी मोकळ्या मार्गाअभावी नाकारली जाणे, यास कॉल अवरोध म्हणतात. एकूण मागण्यांपैकी नाकारल्या जाणाऱ्या मागण्यांच्या प्रमाणास अवरोध संभाव्यता म्हणतात. येथे ‘कॉल’ म्हणजे केवळ दूरध्वनीवरील संभाषण नव्हे, तर एका तरंगलांबीवर काही काळ राखून ठेवलेला संपूर्ण प्रकाशमार्ग होय.

पार्श्वभूमी

स्थानिक टेलिफोन केंद्रांना जोडणारी भारतातील पहिली प्रकाशीय तंतू यंत्रणा १९७९ साली पुण्यात सुरू झाली. पुढे ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच आज भारतनेट या नावाने ओळखली जाते. अहिल्यानगरसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यातील गावोगावची रहदारी अखेर मोजक्या मुख्य दुव्यांवर एकवटते. त्या दुव्यांची क्षमता ठरवताना अवरोधाचा अंदाज आवश्यक असतो.

एका दुव्याचे गणित

डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप अर्लांग यांनी १९१७ मध्ये यासाठी सूत्र मांडले. ताशी ३० कॉल येत असून प्रत्येक कॉल सरासरी ६ मिनिटे चालत असेल, तर भार ३ अर्लांग होतो. या भारास ५ वाहिन्या दिल्यास सुमारे ११ टक्के कॉल अडतात. ८ दिल्यास १ टक्क्याहून कमी.

तरंगलांबीची अट

तरंगलांबी परिवर्तक नसल्यास प्रकाशमार्गाला सर्व दुव्यांवर एकच तरंगलांबी मोकळी लागते. अहिल्यानगर–पुणे–मुंबई असा दोन दुव्यांचा काल्पनिक मार्ग घेऊ. प्रत्येक दुव्यावर १० तरंगलांबी असून त्यांपैकी प्रत्येक व्यग्र असण्याची संभाव्यता ०.५ मानल्यास, परिवर्तकाविना अवरोध ०.७५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ५.६ टक्के येतो. पुण्यात परिवर्तक बसवल्यास तो सुमारे ०.२ टक्के उरतो.

मोठी जाळी

दुवे वाढतात तशा जाळ्याच्या संभाव्य अवस्था प्रचंड वाढतात व अचूक गणित अशक्यप्राय होते. संगणकीय अनुकरणही सोपे नसते: दहा लाखांत एक कॉल अडत असेल, तर असे १०० प्रसंग पाहण्यास सुमारे १० कोटी कॉल तपासावे लागतात.

म्हणून घटलेल्या भाराची पद्धत वापरतात. एका दुव्यावर अडलेला कॉल मार्गातील इतर दुव्यांवर भार टाकत नाही. प्रत्येक दुव्याचा अवरोध आरंभी गृहीत धरून इतरांवरील घटलेला भार काढतात, तो अर्लांग सूत्रात घालतात आणि उत्तर स्थिरावेपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करतात. मार्ग ठरलेले असताना असे उत्तर एकच असते, हे फ्रँक केली यांनी १९८६ मध्ये सिद्ध केले.

मर्यादा

वरील पद्धतींत दुवे परस्परांपासून स्वतंत्र मानले जातात. प्रत्यक्षात बरेच कॉल लागोपाठच्या दुव्यांवरून एकाच तरंगलांबीने जातात. त्यामुळे परिवर्तक नसलेल्या मार्गावरील अवरोध वास्तवापेक्षा अधिक दिसू शकतो आणि अनावश्यक उपकरणांवर खर्च होतो. उलट, अंदाज कमी आल्यास ऐन गर्दीच्या वेळी जोडणी नाकारली जाते.