बहुतांचे सुख आणि बुडालेले गाव

सभासद बंधूंनो, इंग्लंडच्या बेंथॅमने नीतीला एकच माप लावले : जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख. त्या मापाने धरण योग्यच. पण १९८० साली उजनी पुरे झाले, तेव्हा ज्यांची काळी आई बुडाली त्यांचे काय? लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) सांगितले, नुसती डोकी मोजून नीती ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी पाहावी. राज्याच्या १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांची काही जमीन धरणग्रस्तांसाठी घेण्याची सोय केली. कुणी म्हणेल, आमच्या बागायतीचा तुकडा का सोडायचा? अहो, आपल्या उसाला पाणी त्यांच्या शिवारावरून आले. त्यांची वजाबाकी भरून निघाली, तरच आपली बेरीज खरी.